भाड्याचं तट्टू

मराठीत एखाद्याला हिणवायचं असेल तर 'भाडोत्री तट्टू' म्हणतात. पैसे देईल त्याच्यासाठी राबणारा, स्वतःची निष्ठा नसलेला माणूस. वाक्प्रचार शिकवताना हा अर्थ मी फळ्यावर कितीदा तरी लिहिला आहे. पण माझ्या सात वर्षांच्या भाचीसाठी पहिला घोडा शोधायला निघालो तेव्हा या शब्दांकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागले.

माझा धाकटा भाऊ सातारा जिल्ह्यात लग्नाच्या वरातींना घोडी आणि बग्गी पुरवतो. आमचे दादा टांगा हाकायचे, त्यामुळे घोडा घरात नवा नाही. भाचीला वरातीच्या घोडीवरच बसायचं होतं. भावानं साफ नकार दिला. ती घोडी बँड आणि फटाक्यांना भीत नाही हे खरं, पण तिला कायम कुणीतरी पुढून धरून चालवतं. पाठीवर बसलेल्याचा लगाम ऐकायची तिला सवयच नाही. शिवाय उंची एवढी, की पोरगी पडली तर हाड मोडणार.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न वेगळाच होता. "मुलीला घोडा कशाला?" उत्तर अम्मीनं दिलं. म्हणाली, "चांदबीबी काय पालखीत बसून लढली?" १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांविरुद्ध लढवणारी ही बाई दख्खनी चित्रांमध्ये घोड्यावर बसून ससाण्यानं शिकार करताना दिसते. अम्मीनं ती चित्रं पाहिलेली नाहीत, पण विषय तिथंच मिटला.

डिसेंबरात दत्तजयंतीच्या सुमारास आम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला गेलो. तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. भावाच्या ओळखीचे एक निवृत्त पशुवैद्य आमच्याबरोबर होते. मला घोड्यातलं फार कळत नाही, पण बाजारातली भाषा ऐकून मी खूश झाले. अबलख, कुमैत, नुकरा हे रंग. लगाम, रिकीब, खोगीर, जीन, नाल, चाबूक हे सामान. सगळं अरबी-फारसीतून आलेलं आणि आता अस्सल मराठी. उर्दू आणि मराठीचं नातं काय, असं वर्गात मुलं विचारतात तेव्हा एक घोडा उभा करावा आणि एकेका वस्तूचं नाव सांगत जावं, एवढं सोपं आहे ते.

भावाचं मन एका नुकऱ्या शिंगरावर बसलं. अडीच वर्षांची मादी, दुधासारखी पांढरी, मानेवर शुभ मानला जाणारा देवमणाचा भोवरा. हलगीवर ती पाय उचलत होती आणि भोवती मोबाईल घेऊन गर्दी. व्यापारी म्हणाला, "बच्ची के साथ बड़ी होगी." हे वाक्य ऐकून कुठलाही बाप विरघळेल. दोघी एकत्र वाढतील, एकमेकींना ओळखतील, किती छान!

डॉक्टरांनी तिचे ओठ उचलून दात पाहिले. पुढच्या दातांपैकी मधलेच तेवढे पक्के आले होते. घोड्याचे पुढचे सगळे दात पक्के व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. मग त्यांनी एवढंच विचारलं, "हिच्या पाठीवर आजवर कोण बसलंय?" कुणीच बसलं नव्हतं. डॉक्टर भावाला बाजूला घेऊन म्हणाले, "मूल आणि घोडं, दोघांपैकी एकाला तरी काम येत असलं पाहिजे. दोघंही शिकाऊ असतील तर शिकवणार कोण? आणि तोवर पडणार कोण?"

मी शिक्षिका, मला हे लगेच पटलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिलीचा वर्ग नव्या शिक्षकाला देतात आणि अनुभवी माणूस दहावीला ठेवतात. खरं तर उलटं हवं. अक्षर न ओळखणाऱ्या मुलासमोर सगळ्यांत मुरलेला, न चिडणारा माणूस उभा पाहिजे. पहिल्या घोड्याचंही तेच. भाऊ दोन दिवस गप्प होता. खरेदी स्वतःच्या हौसेसाठी चालली होती, मुलीसाठी नाही, हे कुणी बोललं नाही, पण कळलं सगळ्यांना. आम्ही रिकाम्या हातानं परतलो.

डॉक्टरांनी मापं सांगितली ती अशी. वय दहाच्या पुढे, पंधरा-सोळा असलं तरी चालेल. नीट सांभाळलेलं तट्टू पंचविशी गाठतं. उंची खांद्यापाशी ५० इंचांच्या आतबाहेर. ५८ इंचांपर्यंतच्या जनावराला तट्टू म्हणतात, पण सात वर्षांच्या मुलाला तेही उंच पडतं. रंग आणि भोवरा शेवटी पाहायचा, किंवा पाहायचाच नाही.

असं जनावर मे महिन्याच्या शेवटी पाचगणीत भेटलं. टेबललँडवर पर्यटकांना फिरवणारे एक चाचा पावसाळ्याआधी घोडे कमी करणार होते. त्यांची तट्टाणी चौदा-पंधरा वर्षांची, मळकट तपकिरी, एका कानाची कड फाटलेली. सारंगखेड्यात तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण तिच्या पाठीवर हजारो अनोळखी माणसं बसून गेली होती. रडणारी पोरं, लगाम ओढणारे तरुण, किंचाळणाऱ्या नव्या नवऱ्या. भाड्याचं तट्टू म्हणतात ते हेच.

तरी आम्ही तिला तीनदा पाहिलं. दोनदा सांगून आणि एकदा न सांगता, भल्या पहाटे, कामाला जुंपण्याआधी. दिवसभर राबलेलं जनावर संध्याकाळी शांतच दिसतं, आणि काही विक्रेते औषध देऊनही शांत ठेवतात. चाचांना तिला आमच्यासमोर पकडायला, जीन कसायला, चारही पाय उचलून दाखवायला सांगितलं. मागून मोटारसायकल नेली, प्लास्टिकची पिशवी फडफडवली. आधी चाचा बसले, मग त्यांचा नातू, आणि सगळ्यांत शेवटी भाची.

खोडी होत्याच. तोंड कडक झालेलं, लगामाला उशिरा ऐकायची. पुढच्या घोड्याच्या शेपटीमागून चालायची सवय, त्यामुळे एकटीनं निघायला तयार नसायची. पोटाला तंगाचा जुना वण. डॉक्टर म्हणाले, चावणं, लाथ मारणं, उधळणं यांतलं काही असतं तर मी नाही म्हटलं असतं, बाकीचं सवयीनं सुटेल. त्यांनी तिला कडक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवून लंगडते का ते पाहिलं, डोळे आणि छाती तपासली आणि ग्लँडर्ससाठी रक्त घेतलं. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि रोगी जनावर मारावं लागतं. त्यामुळे अहवाल हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा त्यांचा नियम. किंमत त्या नुकऱ्या शिंगराच्या चौथाईहूनही कमी ठरली.

अशा खरेदीत किंमत हा लहान खर्च असतो. रोजचा चारा, सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापणं, धनुर्वाताची लस, जंतांचं औषध हे वर्षानुवर्षं चालतं. तट्टू थोड्या चाऱ्यावर जगतं, लाडानं खुराक वाढवला की लठ्ठ होऊन खुरांनी अधू होतं. घोडा एकटा राहिला तर झुरतो, भावाकडे घोड्या होत्या म्हणून ती अडचण आली नाही. भाचीसाठी नियम तीनच. हेल्मेटशिवाय बसायचं नाही, रिकिबीत पाय अडकू नये म्हणून टाचेचे बूट घालायचे, आणि दोरी कधीही हाताला गुंडाळायची नाही.

आता आठ महिने झाले. पहिले दोन महिने भाऊ दोरी धरून चालायचा. हल्ली भाची एकटी वाड्याभोवती फेरी मारते. मध्येच तट्टाणी थांबते आणि कितीही टाच मारली तरी हलत नाही. मग भाची खाली उतरते, तिची मान खाजवते, पुन्हा चढते. धीर धरायला ती इथं शिकते आहे. एवढं तर मी तिला गणिताच्या वहीवर बसवून शिकवू शकले नव्हते.

चार-पाच वर्षांत तिचे पाय जमिनीला टेकायला लागतील. तेव्हा काय, हा प्रश्न चाचांनी सौद्याच्या दिवशीच विचारला होता. पैसे मोजून झाल्यावर ते भावाला म्हणाले, "काम झालं की बाजारात नका नेऊ. म्हाताऱ्या जनावराचं तिथं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मला फोन करा, मी घेऊन जाईन." भावानं शब्द दिला आणि अम्मीनं तो ऐकला, म्हणजे तो मोडणं आता कठीण. भावाचा धाकटा मुलगा दोन वर्षांचा आहे. बहिणीला तट्टू लहान पडेल तेव्हा तो सात वर्षांचा होत आलेला असेल.