दगडापाशी दोघे

शिळाछापाचा दगड पहिल्यांदा पाहणाऱ्याला अगदी निर्विकार वाटतो. फिकट पिवळसर, चांगला जाडजूड, वाळू आणि पाणी घालून घासघासून सपाट केलेला. जुनं चित्र घासून काढताना मी पाहिलं आहे. राखाडी लगदा पाण्याबरोबर वाहून जातो आणि दगड नव्या चित्राला मोकळा होतो. पण हा दगड निर्विकार नाही, कमालीचा हळवा आहे. नुसतं बोट टेकलं तरी बोटाचा तेलकटपणा तो धरून ठेवतो आणि शाईचा रूळ फिरला की ती चुगली कागदावर करतो. तेल आणि पाणी यांचं हाडवैर, एवढंच त्याचं शास्त्र. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डरला ते गवसलं आणि १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी त्याच वैराच्या भरवशावर मराठी पंचांग छापलं.

मला कुतूहल आहे ते या दगडापाशी उभ्या राहणाऱ्या दोन माणसांचं. एक चित्र काढतो, दुसरा छापतो. एकाचं नाव होतं, दुसऱ्याचे हात काळे होतात.

१९४५च्या नोव्हेंबरात पिकासो पॅरिसमधल्या फेर्नां मुर्लोच्या छापखान्यात आला. युद्ध नुकतंच संपलेलं, थंडी कडाक्याची आणि कोळशाचा तुटवडा. चौसष्ट वर्षांचा, जगभर नाव झालेला हा माणूस पुढचे काही महिने तिथे ठाण मांडून बसला. त्या छापखान्यात गास्तों त्युतँ नावाचा मुद्रक होता. अवघड काम आलं की ते त्याच्याकडे जायचं. पिकासोची चित्रं त्याला मुळीच आवडत नसत आणि ही नावड तो लपवतही नसे. पिकासोही दगडाशी करू नये ते सगळं करायचा: खरवडायचा, चिकटवायचा, शाईवर भलताच रंग चढवायचा. असलं काही छापता येत नाही, असं त्युतँ बजावायचा आणि मग छापून दाखवायचा.

मला हा त्युतँ फार जवळचा वाटतो. भक्तांच्या गराड्यात राहणाऱ्या कलावंताला असा एक माणूस भेटावा, ज्याला चित्राशी देणंघेणं नाही, पण कागदावर रेघ फुटलेली खपत नाही. त्याची निष्ठा दगडाशी होती. चित्रकाराची स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. चित्र न आवडताही त्यातला काळा रंग हवा तेवढाच काळा उतरवणारा विरळा.

त्याच हिवाळ्यात, ५ डिसेंबर ते १७ जानेवारी या काळात, पिकासोनं एकाच दगडावर एक वळू अकरा अवस्थांमधून नेला. आधी खरा वाटावा असा, मग आडदांड, अंगावर येणारा. पुढे त्याच्या अंगावर खाटकानं आखाव्यात तशा रेघा पडतात, मांस उतरू लागतं आणि शेवटी उरतात मोजक्या रेषा. त्या अकरा छापांसमोर मी रेंगाळतो तो वळूपेक्षा दोन छापांमधल्या जागेत. कारण तिथे कारागीर उभे आहेत. चित्रकारानं खरवडलेला दगड पुन्हा शाई धरेल याची खात्री नसते. त्याला परत आम्ल आणि डिंक पाजावा लागतो, ओला राखावा लागतो, रूळ जपून फिरवावा लागतो. कॅनव्हासवर नवा हात मारला की जुनं चित्र खाली गाडलं जातं. इथे दगडावरून पुसलेली प्रत्येक अवस्था कागदावर शाबूत राहिली. पिकासोला पुढे जाता आलं, कारण मागचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. छापखान्यानं त्याला दिलं ते हे: स्वतःचाच भूतकाळ, ओल्या शाईतला.

कधी कधी दगडच मध्ये बोलतो. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर तात्याना ग्रोसमन यांनी आपल्या राहत्या घरी छापशाळा थाटली होती. तिथे १९६३ साली रॉबर्ट राउशेनबर्गचं चित्र छापताना दगड तडकला. दुसरा घेतला, तोही तडकला. एखाद्यानं कपाळाला हात लावला असता. राउशेनबर्गनं फुटका दगडच छापायचं ठरवलं, आणि मुद्रक रॉबर्ट ब्लॅकबर्न ते जोखमीचं काम करायला उभा राहिला. फुटलेले भाग यंत्राखाली धरून ठेवायचे, दाब तर द्यायचा आणि भेग वाढू द्यायची नाही. चित्रातून तिरपी गेलेली ती पांढरी चीर आता त्या चित्राचा प्राण आहे. त्याचं नाव ‘अ‍ॅक्सिडेंट’. त्याच वर्षी ल्युब्लियानाच्या मुद्राचित्र प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. चीर पडणं हा अपघात खराच. पण ती प्रत्येक प्रतीत उमटणं हा अपघात नव्हे, ते कसब.

या व्यवसायात एक जुनी रीत आहे. मनासारखा छाप निघाला की चित्रकार त्यावर पेन्सिलीनं लिहितो, ‘छापायला हरकत नाही.’ पुढची प्रत्येक प्रत त्या कागदाशी ताडून पाहतात. बाकीच्या प्रती क्रमांक घालून, सही होऊन दुकानांत, दिवाणखान्यांत जातात. तो एक कागद मात्र परंपरेनं मुद्रकाकडे राहतो. म्हणजे चित्राचं अस्सल माप त्याच्या ताब्यात. चित्र आपल्याला आवडलं, असं मात्र त्यानं कुठेही लिहून द्यावं लागत नाही.