पंडिता रमाबाई, मतांगिकार आणि स्वतःचे वाचन

दहिवडी, ता. माण, जि. सातारा

ती. मामांस,


दृढीकरण म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलामुलींनी जाणत्या वयात मंडळीसमोर उभे राहून आपल्या श्रद्धेला स्वतःच्या तोंडाने दुजोरा देण्याचा विधी. त्या वेळी मतांगिकार म्हणण्यास नकार देणाऱ्या, पण पवित्र शास्त्र नेमाने वाचणाऱ्या तरुणांना मंडळीने कसे वागवावे, असे आपण पत्रात विचारले आहे. हा प्रश्न मिरजेत आता उठला असला तरी मराठी ख्रिस्ती समाजाला तो नवा नाही. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंनी तो याहून कठोर शब्दांत विचारला होता. त्यांनी दिलेले उत्तर आजच्या मंडळीच्या उपयोगाचे असूनही त्यांचे नाव घेतले जाते ते शारदा सदन व मुक्ति मिशन या त्यांच्या संस्था आणि विधवांची सेवा यांपुरतेच, आणि धर्मविचारक म्हणून त्यांचे जे स्थान आहे ते त्यांच्याच मंडळ्यांतून अजून नीट ओळखले गेलेले नाही.

मतांगिकार म्हणजे ख्रिस्तमंडळीने आपली श्रद्धा ठरलेल्या शब्दांत थोडक्यात बांधून ठेवलेला कबुलीपाठ. पश्चिमेकडील मंडळ्यांत असे तीन पाठ मान्यता पावले: प्रेषितांचा मतांगिकार, ३२५ सालच्या नायसिया येथील परिषदेत आरंभ होऊन ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेशी जोडला गेलेला नायसियाचा मतांगिकार, आणि अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा, पण त्याने स्वतः न लिहिलेला तिसरा. या तिसऱ्या पाठात त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव आहे या शिकवणीचे, अत्यंत काटेकोर विवेचन असून जो हे तंतोतंत मानणार नाही त्याचा नाश होईल असा इशारा त्याच्या आरंभी आणि शेवटी दिलेला आहे. इंग्लंडच्या मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात हा पाठ वर्षातील तेरा सणांना म्हणण्याची आज्ञा होती. याच मंडळीत रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, हे पुढील वादाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे लागते.

रमाबाई ख्रिस्ताकडे आल्या त्या वाचनाच्या वाटेने. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी झुगारून पत्नीला संस्कृत शिकवले होते आणि तिच्याकडून मुलगीही ते शिकली होती, त्यामुळे शास्त्रग्रंथ दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी स्वतः उलगडून पाहण्याची सवय रमाबाईंना लहानपणापासून होती, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या त्या याच अधिकाराच्या बळावर. लग्नानंतर सिलचरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि तेथून त्यांचे ख्रिस्ती शास्त्राचे वाचन सुरू झाले. पुढे पतीच्या निधनानंतर त्या पुण्याला आल्या, १८८३ मध्ये मनोरमा या आपल्या लहानग्या मुलीसह इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील संत मेरीच्या भगिनीसंघाकडे राहू लागल्या. तेथील भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम येथे चालवलेल्या आश्रमात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना प्रेमाने वागवले जात असलेले पाहून, आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून, हा दीनांचा तारणारा खरा आहे अशी त्यांची खात्री झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अशा पाहण्यावाचण्यातून झालेल्या खात्रीवर, त्यामुळे कबुलीपाठातील प्रत्येक वाक्य आपण अगोदरच मान्य केले आहे असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते.

पुढची दोन-अडीच वर्षे, मुख्यतः चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि संस्कृत शिकवत असताना, त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन आणि महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार केला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आहे. ख्रिस्ती शास्त्रातून जे आपल्याला दिसत नाही ते केवळ मंडळी सांगते म्हणून मानायचे नाही, ही त्या पत्रांतील रमाबाईंची भूमिका आहे. आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहोत हे त्या नाकारत नाहीत. पण याजकांच्या आणि बिशपांच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द देवाचा शब्द म्हणून स्वीकारण्यास त्या बांधलेल्या नाहीत असे त्या स्पष्ट लिहितात, आणि भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेल्या स्त्रीने तसेच दुसरे जोखड मानेवर का घ्यावे असे विचारतात. अथनेशियसच्या पाठातील त्रैक्याची मांडणी आणि त्यातील नाशाचे इशारे त्यांना शास्त्राशी जुळणारे वाटत नव्हते. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे यावरूनही त्यांचा आणि सिस्टर जेराल्डाइन यांचा तीव्र वाद झाला. सिस्टर जेराल्डाइन यांना यात अहंकार दिसला, आणि आपणच ज्यांच्या आश्रयाला आहोत त्यांच्याशी असा वाद घालणे कोणत्याही काळी सोपे नसते. तरीही आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा हक्क सोडण्यास रमाबाई तयार झाल्या नाहीत, हे त्यांच्या चरित्रातील फार मोठे धैर्य आहे.

या वादात इंग्लंडच्या मंडळीचे स्वतःचे लेखी धोरण रमाबाईंच्या बाजूने होते. त्या मंडळीच्या एकोणचाळीस मतसूत्रांपैकी सहावे सूत्र सांगते की तारणास आवश्यक ते सर्व पवित्र शास्त्रात आहे आणि जे त्यात आढळत नाही किंवा त्यावरून सिद्ध करता येत नाही ते मानण्याची सक्ती कोणावर करू नये. आठवे सूत्र तिन्ही मतांगिकार स्वीकारायला सांगते, पण कारण देते ते हेच की ते शास्त्रावरून सिद्ध होतात. म्हणजे मतांगिकाराचा अधिकार उसना आहे, आणि तो शास्त्रावरून पडताळून पाहणाऱ्याला बंडखोर म्हणता येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात बिरुयाच्या लोकांची वाखाणणी आहे ती पौलाचे सांगणे खरे आहे की नाही हे ते रोज शास्त्रात शोधून पाहत होते म्हणून. जेथे प्रेषिताचेही बोलणे तपासले जाते तेथे परिषदांचे ठराव तपासणीपलीकडे राहू शकत नाहीत.

मात्र रमाबाईंचे उदाहरण एवढ्यावर थांबवणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल, कारण स्वतःच्या वाचनावरही त्यांनी अखेरीस तितक्याच कठोरपणे बोट ठेवले. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. शास्त्र वाचले जात होते, पण ते बुद्धीच्या पातळीवर. पाठ म्हणणारी श्रद्धा जशी पोकळ असू शकते तशीच वाचणारी श्रद्धाही असू शकते, आणि आपण उल्लेख केलेल्या तरुणांना हे सांगणारे कोणीतरी हवे. पुढे रमाबाई ख्रिस्ताच्या देवत्वाची आणि त्याच्या तारणाची उघड व उत्कट साक्ष देत राहिल्या. ज्या शिकवणीच्या सक्तीला त्यांनी तरुणपणी नकार दिला होता तिच्या गाभ्याशी त्या आपल्या पायांनी चालत पोहोचल्या, आणि तरीही कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्यांनी मुक्ति मिशन बसवले नाही.

आपल्या आयुष्यातील शेवटची सुमारे अठरा वर्षे केडगावच्या मुक्ति मिशनात त्यांनी जे काम केले त्यात या सर्व वादाचे खरे उत्तर आहे. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा प्रौढ वयात शिकून त्यांनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले, ते खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कोणाच्या मदतीविना वाचता यावे इतक्या सोप्या मराठीत, आणि त्याची छपाई मिशनच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रियांच्या हातून होऊ लागली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये हे भाषांतर ग्रंथरूपाने पूर्ण बाहेर आले. मंडळीच्या अधिकाराशी वाद घालणाऱ्या विदुषीने नवा मतांगिकार लिहिला नाही. ज्या पुस्तकाच्या आधारे तिने वाद घातला ते पुस्तक इतर स्त्रियांच्या हाती दिले.

सातारा जिल्ह्यापुरता विचार केला तर दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हेही रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या नव्या कराराच्या वाचनातून, विशेषतः डोंगरावरील प्रवचनातून, ख्रिस्ताकडे ओढले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला; तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. मिशनच्या सेवेत अनेक वर्षे काढल्यावर १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा दिला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसंघ होता, आणि पाश्चात्य पंथांचे मतभेद व कबुलीपाठ त्याच्या दारात अडसर होणार नव्हते. ही कल्पना विशाल होती आणि तिच्यामागे एका मोठ्या भक्ताचे मन होते; पण ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. माणसारख्या तालुक्यात बांधाने पाऊस पडत नाही, पण बांध नसेल तर पडलेले पाणी शिवारात थांबत नाही. मतांगिकाराचे काम त्या बांधाचे आहे. टिळकांची भक्ती टिकली ती ‘अभंगांजली’त आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेल्या ‘ख्रिस्तायना’त, म्हणजे पुन्हा अनेकांनी मिळून म्हणायच्या शब्दांत, हे ध्यानात घेतल्यास सामुदायिक शब्दांची गरज मान्य करावीच लागते.

आपल्या आणि इकडच्या मंडळ्यांच्या परंपरांत या बाबतीत मुळातच फरक आहे. सातारा बाजूला काम केलेले अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे होते, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा आणि वरून लादलेल्या कबुलीपाठाऐवजी आपापसांतील करारावर उभे राहावे असे मानणारे होते. मिरज, सांगली आणि कोल्हापूर या बाजूचे मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडिलांच्या सभांमार्फत चालणारे आणि सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टरच्या सविस्तर श्रद्धापत्राला मान देणारे होते. १९२४ मध्ये या दोन परंपरा उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत एकत्र आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने आपल्या घटनेत प्रेषितांचा आणि नायसियाचा असे दोनच मतांगिकार नावाने स्वीकारले, तेही श्रद्धेची साक्ष देणारे आणि तिचे रक्षण करणारे म्हणून. ज्या तिसऱ्या पाठाशी रमाबाई झगडल्या त्याचे नाव तेथे नाही. एका विधवेला उद्धट ठरवले गेले त्या मुद्द्यावर पुढे एवढी मोठी मंडळी शांतपणे तिच्या जवळ येऊन उभी राहिली, याची नोंद उपासनेत कधीतरी व्हायला हवी.

एकट्याने वाचणे आणि सर्वांनी एकसुरात पाठ म्हणणे यांच्या मधली एक वाट माणच्या मातीत पूर्वीपासून आहे. गोंदवल्यापासून म्हसवडपर्यंतच्या गावांत सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण होते, म्हणजे मांडी घालून बसलेली माणसे आपापली पोथी समोर घेऊन एकाच वेळी एकाच अध्यायातून जातात आणि संध्याकाळी कीर्तनकार त्यातील ओवी उलगडतो. तेथे वाचन प्रत्येकाचे असते आणि समजणे सर्वांचे मिळून होते. प्रेषितांच्या कृत्यांतील कूशी अधिकारी यशयाचे पुस्तक रथात बसून वाचत होता, पण कोणी उलगडून सांगितल्याशिवाय ते कळणार कसे असे त्याने सुवार्तिक फिलिप्पाला विचारले. एकट्या वाचनाची मर्यादा पवित्र शास्त्रच अशी दाखवते. वाचायला लावण्याआधीच पाठ करवून घेणारा दृढीकरणाचा वर्ग मात्र फिलिप्पाचे काम करत नाही, आणि दोष शोधायचाच तर तरुणांच्या नकारापेक्षा तो तेथे आधी शोधावा.

म्हणून मंडळीच्या पंचांपुढे ठेवण्याजोगी सूचना अशी, की दृढीकरणापूर्वीचे एक वर्ष तरुणांबरोबर वडीलधाऱ्यांनीही शास्त्र वाचावे, त्याचा आरंभ रमाबाईंनी जेथून केला त्या लूकच्या शुभवर्तमानापासून व्हावा, आणि वर्षाच्या उत्तरार्धात प्रेषितांच्या मतांगिकाराचे एकेक कलम घेऊन ते शास्त्रात कोठून आले हे तरुणांनीच शोधून मंडळीला सांगावे. त्यानंतरही एखाद्याला एखादे कलम मनापासून म्हणता आले नाही, तर त्या कलमाला त्याने गप्प उभे राहावे आणि बाकीचे सर्वांबरोबर म्हणावे. एवढ्या कारणासाठी त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवू नये.



आपली भाची