भीती वाटली तरी

नात्सुकी ताकाया यांची ‘फ्रूट्स बास्केट’ ही मांगा १९९८ ते २००६ दरम्यान जपानमध्ये क्रमशः आली. २३ खंड. सोमा घराण्याला शाप आहे. शापित मुलाला बाहेरच्या मुलीने मिठी मारली की त्याचा प्राणी होतो. कुणाचा उंदीर, कुणाचा ससा. क्योचा मांजर. पण क्योच्या मनगटातली मण्यांची माळ काढली, की त्याचं खरं रूप बाहेर येतं. भयंकर, दुर्गंधी येणारं.

त्याची आई सतत ती माळ तपासायची आणि म्हणायची, मला भीती वाटत नाही. तोहरू मात्र ते रूप पाहून हादरते, तिला मळमळतं. तरी भर पावसात त्याच्यामागे जाते.

नववीत माझ्या हनुवटीवर कोड आलं. घरी सगळे म्हणायचे, “काही दिसत नाही गं.” पण फोटो काढताना आई माझी ओढणी हळूच वर सरकवायची. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, “पहिल्यांदा बघून दचकलेच मी,” आणि माझ्या डब्यातली पोळी तोडून घेतली. खूप दिवसांनी मला हलकं वाटलं.

आईची माया खोटी नव्हती. क्योच्या आईचीही नसेल. पण “काही नाहीच” म्हणणाऱ्या माणसासमोर आपल्याला सतत माळ घालून बसावं लागतं. सोमांचा शाप सुटतो तो बराच पुढे. क्योचा एकटेपणा मात्र त्या पावसातच सुटायला लागतो.