कागदी पिशवीचा अभ्यास

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडी भिंतींवर पशुपक्षी आणि पानेफुले कोरलेली आहेत. त्यांच्याखालून रोज लाखो माणसे गाडी पकडण्यासाठी धावतात. मान वर करण्यास कोणाला सवड नसते. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ पासून दहा वर्षे या इमारतीचे काम चालले. त्या काळात तिच्यावरील बरेचसे कोरीवकाम शेजारच्याच सर जमशेटजी जीजीभाय कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केले. २००४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून ज्या वास्तूचा गौरव केला, तिच्यातील काही भाग अशा रीतीने शिकाऊ मुलांच्या वर्गपाठातून आला आहे.

ही हकीकत आम्ही प्रथम सांगितली ती लालबागच्या एका चाळीत, आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाला. आजोबा गिरणीत साचेवाले होते, वडील बसवाहक. थोरल्या मुलीला शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत 'अ' श्रेणी मिळाली, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. बारावीनंतर तिने 'जेजे'चे नाव काढले आणि घर गप्प झाले. "फादर, आता तुम्हीच सांगा हिला," असे म्हणून आईने आमच्यापुढे चहा ठेवला.

वडिलांची हरकत पोटापाण्याची होती. आईची हरकत निराळी होती आणि ती सांगताना तिने मुलीला मुद्दाम दुकानावर पाठवले. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा २०१८ साली आलेला चित्रपट तिने दूरदर्शनसंचावर पाहिला होता. मुलाला शिकवण्यासाठी एक परित्यक्ता कलाशाळेत चित्रकारांसमोर विवस्त्र बसते, अशी ती कथा. "आपल्या पोरीने असल्या वर्गात बसायचे?" आईने विचारले. प्रश्न सरळ होता. त्याला प्रवचनाने उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

कलाशाळा १८५७ साली जमशेटजींच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून सुरू झाली. आरंभी कारागीर घडविण्याकडेच तिचा अधिक ओढा होता. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली तेथे शिल्प शिकविण्यास आले. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची उठावशिल्पे त्यांचीच. मंडईत भाजी घेताना आमची माणसे तीही पाहत नाहीत, हे जाता जाता सांगितले पाहिजे. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. ते काम १८८५ पर्यंत चालले. लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच तेथील आगीत जळाल्या. जिवंत मनुष्यदेहावरून चित्र काढण्याचा वर्ग मात्र ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत, १९१९ च्या सुमारास, रुजला. त्या काळातील पालकही आमच्या या माउलीसारखेच धास्तावले असतील.

आम्ही तिला फ्लॉरेन्सची गोष्ट सांगितली. मिकेलांजेलो ऐन तारुण्यात असताना सान्तो स्पिरितो मठाच्या प्रमुखाने त्याला मठाच्या रुग्णालयातील प्रेतांचा अभ्यास करू दिला. त्या उपकाराची फेड म्हणून त्याने मठाच्या चर्चसाठी लाकडात क्रूसित ख्रिस्त कोरला. ती मूर्ती हरवली असे मानले जात होते. १९६२ साली मठातच ती पुन्हा ओळखू आली. त्या ख्रिस्ताच्या अंगावर वस्त्र नाही. बरगड्या, पोट, किंचित वळलेले गुडघे, सारे काही शिकलेल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे आणि कोणाही भाविकाला त्यात वावगे दिसत नाही. स्नायू हाडावर कसा बसतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कोरलेला क्रूस पुष्कळदा बाहुल्यासारखा दिसतो. अशा बाहुल्या आपल्या वेद्यांवर काही कमी नाहीत. राहिली समोर बसणारी बाई. तासन्‌तास हालचाल न करता बसणे हे कष्टाचे काम आहे, आणि त्या कष्टावर लेकरू शिकवणाऱ्या स्त्रीला नावे ठेवण्याचा अधिकार निदान आम्हांस तरी वाटत नाही.

आई काही बोलली नाही. मुलीला प्रवेश मिळाला तो मात्र आमच्या गोष्टीमुळे नव्हे. आजोबांनी फीचे पैसे काढून दिले.

पहिल्या वर्षीच तिने आम्हांस आपले काम आणून दाखविले. पायाभूत अभ्यासक्रमात मोठमोठी चित्रे असतील असे आम्हांस वाटले होते. निघाली ती काय, तर चुरगाळलेली कागदी पिशवी. एकच पिशवी, नुसत्या पेन्सिलीने, दहा वेळा. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची छटापट्टी. तिच्यातील पाचवी पायरी जुळेना म्हणून सारी पट्टी तिने चौथ्यांदा रंगविली होती. मग अक्षरलेखन, पुठ्ठ्याच्या त्रिमिती रचना आणि परळ स्थानकावरील माणसांची झटपट रेखाटने. ही शंभर हवी होती. गाडी आली की माणूस उठून जातो, चित्र अर्धेच राहते. तशी अर्धी माणसेच वहीत अधिक होती. वडिलांनी पिशवी पाहून विचारले, "याची फी भरतो काय आपण?" मुलगी हसली. पहिल्या पिशवीत तिने पिशवीविषयी जे ठाऊक होते ते काढले होते. दहाव्या पिशवीत जे समोर होते ते. आम्ही दोन्ही कागद खिडकीपाशी धरून पाहिले. सेमिनरीत ध्यानधारणा शिकविणाऱ्या आमच्या गुरुजनांना हा फरक समजला असता.

आपल्या समाजाला ही वाट अगदीच परकी नाही. गोव्यातील सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद याच शाळेत शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. त्यांनी रंगविलेली घरची माणसे आज पणजीच्या फुंदासांव ओरिएंतमध्ये पाहावयास मिळतात. त्यांची कन्या आंजेला हिनेही येथेच शिक्षण घेतले आणि ख्रिस्ती विषय भारतीय शैलीत रंगविले. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा यांना १९४५ साली शाळेने काढून टाकले, ते स्वातंत्र्यचळवळीतील सहभागामुळे. दोनच वर्षांनी त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. सोझांची चित्रे धर्मग्रामाच्या सभागृहात लावता येतील असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

मुलगी आता रंगचित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मनुष्यदेहाच्या वर्गाविषयी आईने तिला एकदाच विचारले. "पहिली दहा मिनिटे मान वर झाली नाही," ती म्हणाली, "नंतर खांदा काढायला इतका कठीण गेला की दुसरे काही सुचेना." वार्षिक प्रदर्शनात तिचा एक अभ्यास लागला होता: विळीवर बोंबील साफ करणारे दोन हात. आईने ते लगेच ओळखले, आणि अंगठ्यावरची जुनी चीर कशाला काढलीस म्हणून तिथेच तिला रागावली.

वडिलांचा प्रश्न अजून तसाच आहे. पुढे नोकरी कोठे, हे ते दर रविवारी मिस्सेनंतर आम्हांस विचारतात, आणि आम्ही त्यांना शाळांतील कलाशिक्षकांच्या जागांची जाहिरात केव्हा निघेल ते पाहावयास सांगतो.