मामांचे पिकगार्ड

गॅदरिंगला वाजते ती गिटार आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सपाट छातीची, मधोमध गोल भोक असलेली. माझ्या मामांची गिटार तशी नव्हे. तिची छाती व्हायोलिनसारखी फुगीर आहे आणि दोन्ही अंगांना व्हायोलिनला असतात तशी नागमोडी भोके आहेत. तिला आर्चटॉप म्हणतात. मडगावच्या एका निवृत्त वादकाकडून मामांनी ती १९७४ साली विकत घेतली आणि लग्नसमारंभांत, जत्रेच्या नाटकांत पुढे तीसेक वर्षे वाजवली. २०१९ मध्ये मामा गेले. मामी म्हणाल्या, "ने रे बाबा, माडीवर पडून तिचे काय व्हायचे?" अशी ती बेळगावला आमच्या घरी आली.

या जातीची गिटार मूळची अमेरिकेतली. मिशिगन राज्यातील कलामझू गावच्या ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या कारागिराने व्हायोलिनसारखी लाकूड कोरून फुगीर छाती करायला सुरुवात केली. १९०२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली. १९२२ साली तिने नागमोडी भोकांची एल-५ ही गिटार काढली. नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गोंगाटात गिटार ऐकू यावी, म्हणून ही खटपट. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा १९३६ मध्ये विजेवर चालणारी ईएस-१५० आली. ती हातात घेऊन चार्ली ख्रिश्चन या तरुणाने गिटारला बँडच्या मागच्या रांगेतून पुढे आणले. जॅझचे हे वेड मुंबईच्या हॉटेलांपर्यंत पोचले. तेथील बँडांत आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक पुष्कळ होते. मामांच्या हाती अशी गिटार आली त्यात म्हणूनच नवल काही नाही.

आता पिकगार्ड म्हणजे काय ते सांगतो. नखीने तारा छेडताना लाकडावर ओरखडे उठतात. ते उठू नयेत म्हणून तारांच्या खालच्या अंगाला बसवलेला पातळ पत्रा म्हणजे पिकगार्ड. सपाट गिटारवर तो सरळ चिकटवतात. आर्चटॉपची छाती फुगीर, तारा उंचावर, आणि छातीला काही चिकटवले तर तिचे कंपन मंदावते. म्हणून इथे तो अधांतरी असतो. एक टोक मानेजवळ स्क्रूने धरलेले, दुसरी बाजू गिटारच्या कडेला लावलेल्या धातूच्या पट्टीवर टेकलेली. मामांच्या गिटारचा तर पिकअप आणि आवाजाचे बटनही त्या पत्र्यालाच टांगलेले होते. पत्रा काढला की विजेचा आवाज बंद.

तो पत्रा कासवाच्या पाठीसारखा तपकिरी-पिवळा होता. त्यावर एका ठिकाणी आवळ्याएवढी जागा झिजून निस्तेज झाली होती. मामा करंगळी तिथे टेकवून वाजवीत. मला त्या गिटारमध्ये सगळ्यात प्रिय होती ती ही झिजलेली जागा.

पहिल्या पावसाळ्यात पत्र्याच्या कडेला भेगा दिसल्या. पेटी उघडली की नाकाला झोंबणारा वास येई. मी दुर्लक्ष केले. 'बदलून टाक' असे एका मित्राने सांगितले, तेव्हा मला रागच आला. मामांच्या बोटाची खूण फेकून द्यायची? मी गिटार कापडात गुंडाळून पेटीत घट्ट बंद केली आणि परीक्षेच्या नादात सहा महिने उघडली नाही. उघडली तेव्हा पत्र्याच्या कडांचा चुरा होत होता, पिकअपचे कव्हर हिरवे पडले होते आणि छातीच्या पॉलिशवर पत्र्याच्या आकाराचा काळपट डाग उमटला होता.

आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना एक तुकडा दाखवला. सर म्हणाले, "हे सेल्युलॉइड. नायट्रिक आम्लाने सिद्ध केलेला कापूस आणि कापूर यांचे मिश्रण. हस्तिदंताऐवजी बिलियर्डचे चेंडू करायला म्हणून १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायटने हे काढले. वर्षानुवर्षे यातला कापूर उडून जातो, पत्रा आक्रसतो, तडकतो. मग नायट्रोजनचे वायू सुटतात, दमट हवेत त्यांचे आम्ल होते आणि ते धातू खाते. बंद जागेत वायू कोंडला की नासणे आणखी वेगाने होते." मग थांबून त्यांनी विचारले, "तू ठेवली होतीस कुठे?" मी खाली मान घातली. जपण्यासाठी म्हणून मी जे केले, त्यानेच गिटार नासली होती.

आम्ही बेळगावकर मिरजेला जातो ते दवाखान्यासाठी, नाहीतर तंबोऱ्यासाठी. मी गिटार घेऊन गेलो. तंबोऱ्यावर सेल्युलॉइडची नक्षी बसवण्यात हयात गेलेल्या एका चाचांनी पत्रा नुसता हुंगला आणि म्हणाले, "ह्यातला कापूर गेला बघ. आता हे राहत नाही. पण तुकडे व्हायच्या आत आकार काढून घे." त्यांनीच पुठ्ठ्यावर पत्रा ठेवून पेन्सिल फिरवली. झिजलेल्या जागेभोवतीही एक गोल काढला.

नवा पत्रा तीन मिलिमीटरच्या काळ्या अॅक्रिलिकचा केला. तो मिळाला दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडे. "एष्टु बेकु?" त्याने विचारले. कन्नड आणि मराठी, दोन्ही अक्षरे तो एकाच शीटमधून कापत होता. उरलेला तुकडा त्याने मला फुकट दिला. बारीक करवतीने कापायला, कानशीने घासायला दोन रविवार गेले. तारा सैल केल्या, पण सगळ्या एकदम काढल्या नाहीत. आर्चटॉपची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. ती हलली की सूर बिघडतात. पट्टी आणि स्क्रू मामांचेच ठेवले. पिकअपच्या वायरी सोल्डर केल्या. पहिला खर्जाचा स्वर छेडला तर पत्रा झणझणला! पट्टीखाली फेल्टचा तुकडा घातला, तेव्हा गप्प झाला. मग बाराव्या पडद्यावर तार दाबून आणि तिथेच बोट नुसते टेकवून स्वर पडताळले. जुळले.

जुन्या पत्र्याचा कपटा सरांनी वाळूवर पेटवून दाखवला. क्षणात भडकून संपला. उरलेला त्यांनी सुरक्षित विल्हेवाटीसाठी ठेवून घेतला. मी मागितला नाही. छातीवरचा काळपट डाग मात्र गेलेला नाही, जाणारही नाही. तो माझ्या सहा महिन्यांचा आहे.

चतुर्थीला गिटार घेऊन मडगावला गेलो. मामींनी काळाभोर चकचकीत पत्रा पाहिला, काही बोलल्या नाहीत. मी वाजवू लागलो. थोड्या वेळाने म्हणाल्या, "करंगळी टेकव रे. हे टेकवायचे."

मी टेकवली.