फीत कापली, नळ कोरडा

परवा सरकारी रुग्णालयातल्या नव्या आयसोलेशन वॉर्डाच्या उद्घाटनाची बातमी करून आलो. नारळ फुटला, फीत कापली, फोटो झाले. गर्दी पांगल्यावर आत गेलो. चकचकीत बेसिन, नवा नळ. फिरवला तर कोरडा!

तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "दादा, पाणी आलं तरी हात धुवायला वेळ कुठंय? रात्री मी एकटीच असते."

बातमीत पाहुण्यांची नावं आली, नळ राहून गेला. जागा नव्हती म्हणे. म्हणून इथे लिहितोय.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत साथीच्या रुग्णालयांत प्रत्येक रोगाची इमारत वेगळी ठेवायची रीत होती. घटसर्पाची एक, स्कार्लेट फिव्हरची दुसरी. तरीही निदान चुकायचं, एकाच पोराला दोन रोग असायचे, आणि भिंती असूनही लागण व्हायचीच.

पॅरिसच्या डॉ. ग्राँशे यांनी खाटेभोवती तारेची जाळी लावली. आता जाळीतून हवा काय थांबणार? पण ती रोगासाठी नव्हतीच, माणसांसाठी होती. आत जाताना झगा घाला, बाहेर येताना हात धुवा, याची आठवण!

अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन याच वाटेने गेले. १९१० साली तिथे सिटी हॉस्पिटल सुरू झालं. वेगवेगळ्या रोगांचे रुग्ण एकाच इमारतीत, पण एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुणं आणि झगा बदलणं सक्तीचं. रोग भिंतीपेक्षा हातांनी जास्त फिरतो, हे त्यांचं म्हणणं.

चॅपिन एका बाबतीत चुकले. हवेतून होणारी लागण ते जवळजवळ मानतच नव्हते. गोवर-कांजिण्यांना नुसते हात धुऊन भागत नाही, स्वतंत्र खोली आणि खेळती हवाही लागते. पण हातांचं त्यांचं म्हणणं आजही खरं आहे. आणि हात धुवायचे तर पाणी, साबण आणि पुरेशा नर्स लागतात. यातल्या कशाचीच फीत कापता येत नाही, अडचण तिथेच आहे.

मंडळी, पुढच्या वेळी कुणाला भेटायला दवाखान्यात गेलात, तर वॉर्डातला नळ एकदा फिरवून बघा. कोरडा असेल तर मला कळवा. या वेळी जागा मी काढतो.