घासू नका, भिजू द्या

सांगलीहून मिरजेला जाणारा हमरस्ता आमच्या विश्रामबागेतून जातो. उन्हाळ्यात कुठे डांबरीकरणाचे काम निघाले, की त्या वाटेने आलेली मोटार सहसा निष्कलंक परतत नाही. चाकांनी उडवलेले डांबराचे थेंब दारांच्या खालच्या अंगाला बसतात आणि वाळल्यावर असे घट्ट होतात, की बादल्यांमागून बादल्या ओतल्या तरी ढिम्म हलत नाहीत. पांढऱ्या गाडीवर तर ते देवीच्या व्रणांसारखे दिसतात. मग मालकाचा संयम सुटतो. कुणी नखाने खरवडतो, कुणी काथ्या घेतो, कुणी पात्याचे टोक लावतो. डाग जातो, ओरखडा मात्र कायमचा राहतो.

मोटारीचा रंग आपण समजतो तेवढा जाड नसतो. पत्र्यावर गंजरोधक अस्तर, त्यावर रंग व सर्वांत वर पारदर्शक लेप असे थर असतात. सारे मिळून त्यांची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी भरते. वरचा लेप तर माणसाच्या केसाहूनही पातळ. डागाशी झुंजणारा हात ह्या लेपाचा विचार करीत नाही.

डांबर म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा अवशेष. पाण्याशी त्याचे सख्य नाही. तेलाशी मात्र नाते आहे. सजातीय द्रव्य सजातीयात विरघळते, हा रसायनशास्त्रातील साधा नियम. म्हणून गाडी सावलीत उभी करावी, पत्रा निवू द्यावा, धूळ धुऊन काढावी. मग गोडेतेलात भिजवलेला कापसाचा बोळा डागावर काही मिनिटे ठेवावा. डांबर मऊ झाले, की सुती कापडाने हलकेच टिपून घ्यावे. एकदा न निघाल्यास पुन्हा भिजवावे. शेवटी साबणपाण्याने तेलाचा अंश काढावा, अन्यथा त्यावर नवी धूळ बसते. आणि मेणाचा हात फिरवावा. थिनर टाळावा, तो डागाबरोबर रंगही विरघळवू शकतो.

प्रत्येक डागाची प्रकृती निराळी. गळिताच्या हंगामात रस्त्यावर सांडलेली मळी कोमट पाण्याने सुटते. विंधण विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके क्षारांचे असतात. त्यांना पाणी मिसळलेला सिरका लागतो. पक्ष्यांच्या विष्ठेला मात्र सवड देऊ नये. तापलेल्या लेपाला ती चावते, आणि मग रंगावर असलेला डाग रंगात उतरतो.

हे सारे मला आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने शिकवले. तो गॅरेजमध्ये काम करतो. "फादर, घासू नका, भिजू द्या," हे त्याचे नेहमीचे वाक्य. हाच तरुण काही वर्षांपूर्वी दारूत पुरता बुडाला होता. आज त्याने ती सोडली आहे. परंतु माणूस दारू सोडतो तशी वस्ती त्याची दारू सोडत नाही. मिस्सेनंतर अंगणात थट्टेच्या निमित्ताने कुणीतरी जुना प्रसंग काढतोच. त्याने रविवारचे वाचन करावे असे मी सुचवले, तेव्हा काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

त्याला कशाने सोडवले? उपदेशाने नव्हे. उपदेश त्याला भरपूर मिळाला होता. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे एक शेअर दलाल व एक शस्त्रवैद्य अशा दोन मद्यपींची भेट झाली आणि त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. ज्याने स्वतः ती वेदना भोगली तोच दुसऱ्याच्या वेदनेत शिरू शकतो, हे तिचे मर्म. आमच्या तरुणालाही अशाच सभेत हात मिळाला. देहधारणेच्या रहस्याकडे मी ह्या दृष्टीने पाहू लागलो आहे. देवपुत्राने दुरून पाण्याचा मारा केला नाही. पापावाचून सर्व बाबतींत तो आपल्यासारखा झाला, आपल्याजवळ येऊन थांबला.

ह्याचा अर्थ डाग तसाच ठेवावा असा नव्हे. तेलानंतर साबण लागतोच. पत्नीचे मंगळसूत्र त्याने व्यसनापायी गहाण टाकले होते. ते सोडवण्यासाठी तो दरमहा पैसे भरतो. पश्चात्तापाला भरपाईची जोड अशी असते. तथापि स्नानसंस्काराने आत्म्यावर उमटलेली मुद्रा कोणत्याही पापाने पुसली जात नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पाप कितीही काळे असले, तरी त्याखाली ती मुद्रा शाबूत असते. भीती असलीच तर घासणाऱ्यांची आहे. रोजच्या टोमण्यांनी एखादा पुन्हा गुत्त्याची वाट धरतो, आणि आपण म्हणतो, पाहा, डाग जातच नव्हता.

येत्या प्रायश्चित्तकाळात एका रविवारी पहिले वाचन तो करील. ज्यांना त्याचे जुने दिवस आठवतात, त्यांना ते आठवणारच. त्या दिवशी त्यांनी कान मात्र वाचनाकडे द्यावेत, एवढीच माझी विनंती.